०.७ आणि ६.१ : नागपुरात अँजिओप्लास्टी करणाऱ्या रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील अँजिओप्लास्टी करणाऱ्या सर्व रुग्णालयांचे व्यवस्थापन आणि हृदयरोगतज्ज्ञ

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका रुग्णालयाने मागच्या पंधरवड्यात मला एका ओळीचं उत्तर पाठवलं. 'सदर चाचणी आमच्या फॉलोअप पॅकेजमध्ये समाविष्ट नाही.' खाली गोल शिक्का आणि न वाचता येणारी सही. माझा अर्ज दीड पानाचा होता आणि चाचणी फुकट करा असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. रक्तावरून शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी नावाची जी चाचणी झाली तिचा आकडा नीट वाचा, एवढंच म्हणणं होतं. रुग्णालयाचं नाव मी इथं घेत नाही. ओळखीच्या पाच-सात घरांत विचारलं तेव्हा थोड्याफार फरकाने तीच गोष्ट ऐकायला मिळाली, म्हणून एकाला बोल लावण्यापेक्षा सगळ्यांनाच लिहिते आहे.

मी निवृत्त लॅब टेक्निशियन. ३१ वर्षं लोकांच्या रक्ताच्या नळ्या फिरवल्या. सीआरपी ही चाचणी मी मशीन येण्याच्या आधीपासून करत आले. काळ्या पट्टीवर सीरमचा थेंब, त्यावर लॅटेक्सचा थेंब, काडीने कालवायचं आणि पट्टी हातात धरून दोन मिनिटं हलवत राहायचं. नासलेल्या दुधासारखे बारीक कण दिसले की पॉझिटिव्ह. तेव्हा ती फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगायची. आता मशीन दशांशापर्यंत आकडा देतं आणि तो वाचायला कोणाला वेळ नाही.

माझ्या यजमानांना पहिला झटका गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी आला. आम्ही महालात राहतो. रस्ता माणसांनी भरलेला, ऑटो जागचा हलेना, बाहेर पोरं 'घेऊन जा गे मारबत' ओरडताहेत आणि आत हे घामाने चिंब. कसे पोहोचलो ते माझं मला माहीत. पण पोहोचलो, आणि त्या रात्री तुमच्या कॅथलॅबमधल्या माणसांनी जे केलं त्याबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही. बंद पडलेली नस तासाभरात उघडली, छल्ला (स्टेंट) टाकला, चौथ्या दिवशी हे चालत घरी आले. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं सगळं कृतघ्नपणाचं वाटेल.

तक्रार त्यानंतरची आहे.

सहा आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, तुम्ही सांगितलेल्या तपासण्या केल्या. त्यात सीआरपी होतं, ६.१. संक्रांत होऊन आठवडा झाला तेव्हा दुसऱ्यांदा तपासण्या झाल्या, या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये, कारण तुमची लॅब बदलली होती. आकडा आला ०.७. ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, हिरव्या पेनाने ०.७ भोवती गोल काढला, खाली जाणारा बाण काढला आणि म्हणाले, "६.१ वरून ०.७! मस्त उतरलं काका." यांचा चेहरा फुलला. चार मिनिटांत आम्ही बाहेर.

बाहेरच्या खुर्चीवर बसून मी कागद पाहत होते. "काय पाहून राहिली एवढं?" यांनी विचारलं.

मी एकक पाहत होते. पहिल्या लॅबचं होतं मिलिग्रॅम प्रति लिटर. दुसरीचं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. म्हणजे ०.७ ला दहाने गुणायचं. सीआरपी ६.१ वरून ०.७ वर उतरलं नव्हतं, ७ वर चढलं होतं. एका दुकानदाराने काजूचा भाव किलोचा सांगितला, दुसऱ्याने शंभर ग्रॅमचा, आणि आपण घरी येऊन सांगितलं की काजू स्वस्त झाले, त्यातला हा प्रकार.

मी परत दाराशी गेले. दारावरचा मामा म्हणाला, "मॅडम, तुमचं टोकन झालं. आता पुढच्या तारखेला विचारा." आणि मी मागे वळले. हे लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. ३१ वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई मी, एखाद्या टेक्निशियनने असा घोळ केला असता तर त्याला उभं-आडवं घेतलं असतं. पण तिथं मी पेशंटची बायको होते, हातात फाईल आणि पिशवी. वाटलं, मोठे डॉक्टर आहेत, बाकी सगळं पाहूनच ठरवलं असेल. यांना तर काही बोललेच नाही. इतके खूश होते, उगाच कशाला.

दुसरा झटका मे अखेरच्या नवतप्यात आला. पारा ४५ च्या वर, कूलर घरघरत होता आणि पहाटे तीनला हे उठून बसले. या वेळी अँजिओग्राफीत दिसलं की जुना छल्ला स्वच्छ होता. रक्ताची गाठ दुसऱ्याच नसेत झाली होती. तीही उघडली. पण हृदयाचं पंपिंग आता ३५ टक्के आहे. वरच्या मजल्यावर जाताना हे मधल्या वळणावर थांबतात, कठड्याला हात लावून उभे राहतात आणि मी मागे असले तर खिडकीबाहेर काही पाहत असल्यासारखं करतात.

तो आकडा नीट वाचला असता तर दुसरा झटका टळला असता, असं मी म्हणत नाही. म्हणू शकत नाही. कोणीच म्हणू शकणार नाही. पण काहीतरी शोधलं गेलं असतं, एवढं नक्की म्हणते. कसं, ते पुढे सांगते.

जे वाचक डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी थोडं. शरीरात कुठंही दाह पेटला की इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या यकृतापर्यंत जातो आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडायला लागतं. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेला ते चिकटायचं, म्हणून नाव सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. पुढे कळलं की नसांच्या आतल्या चरबीच्या थरांतही दाह धुमसत असतो आणि असा धुमसणारा थर फुटण्याचा धोका जास्त. छल्ला जिथं बसवला तेवढी जागा रुंद होते, बाकीच्या नसांतला दाह आपल्या जागी असतो. यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं, गाठ दुसऱ्या नसेत.

हृदयासाठी जी सीआरपी पाहायची ती हाय-सेन्सिटिव्हिटी, बोलीत एचएस. साधी सीआरपी संसर्ग पकडायला बनवलेली आहे, खालच्या आकड्यांत तिचा भरवसा नाही. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर आधी ताप, संसर्ग, दुखापत शोधायची आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. ही पट्टी अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेने २००३ मध्ये दिली. म्हणजे नवलाईची गोष्ट नाही, तुम्ही सगळे हे शिकून आलेले आहात.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली वर सांगितलीच, एककाची. तुम्ही लॅब बदलता, कंत्राट बदलता, त्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही. पण दोन वेगळ्या एककांतले आकडे एकाच फाईलमध्ये शेजारी लावताना ते एका एककात आणायचं काम कोणाचं? शिवाय दोन्ही कागदांवर नुसतंच 'सीआरपी' होतं. साधी की एचएस, हे मला लॅबला फोन करून विचारावं लागलं. दोन्ही साध्या निघाल्या. दुसऱ्या लॅबच्या कागदावर नॉर्मलची मर्यादा १.० छापलेली, म्हणून ०.७ पुढे खूणही उमटली नाही. न्यूमोनियासाठी ते नॉर्मलच होतं. छल्ला टाकलेल्या माणसासाठी नव्हतं.

दुसरी तक्रार वेळेची. झटका आला की सीआरपी काही तासांत चढायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत शिखर गाठतं. अँजिओप्लास्टीनेही नसेच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि आकडा वाढतो. तरी पुष्कळांच्या फाईलमध्ये एकच सीआरपी असते, दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडआधी काढलेल्या रक्ताची. ती पाहून पुढच्या वर्षाचं काय कळणार? ठरवून होणाऱ्या अँजिओप्लास्टीत रक्त आधी घ्यायला हवं, झटक्यात महिना-दीड महिन्याने. यांच्या वेळी सहा आठवड्यांनी घेतलं गेलं, तेवढं बरोबर झालं. वाचलं मात्र गेलं नाही.

तिसरी तक्रार डिस्चार्ज कार्डाची. यांच्या कार्डावर छल्ल्याच्या कंपनीचं स्टिकर आहे, त्यावर व्यास, लांबी, बॅच नंबर सगळं आहे. रक्ताच्या तपासण्यांपुढे तीन शब्द: 'सर्व नॉर्मल मर्यादेत'. त्याच दिवशीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १४ होते, या दोन्ही पांढऱ्या पेशी. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ५.६ येतात. याला एनएलआर म्हणतात. हा भागाकार जास्त असलेल्यांचं अँजिओप्लास्टीनंतर वाईट होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, असं अनेक अभ्यासांनी नोंदवलंय. अमुक आकड्याच्या वर धोका, अशी सर्वमान्य रेघ अजून नाही, आणि झटक्याच्या दिवसात तो वाढलेला असणारच, हेही खरं. पण त्याला वेगळं रक्त लागत नाही, वेगळा पैसा लागत नाही. सीबीसी तर तुम्ही करताच. भागाकार कॉम्प्युटर करेल.

चौथी पॅकेजची. छल्ल्यांच्या किमतींवर केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा औषध सोडणाऱ्या छल्ल्याची किंमत २९,६०० वर आली. तोवर आपल्याकडे लोकांनी एकेका छल्ल्यापायी दागिने गहाण ठेवलेले मी पाहिलेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही अनेकांच्या अँजिओप्लास्टी होतात. छल्ला आवाक्यात आला, चांगलंच झालं. पण सगळा हिशेब छल्ल्यापाशीच संपतो. काही शे रुपयांची चाचणी घ्यायची असेल तर स्वतः घ्या म्हणून सांगा, आम्ही घेऊ. ती घ्यायची असते हे सांगणारं तर कोणी हवं.

पाचवी तक्रार माझी एकटीची नाही. तुमच्या ओपीडीबाहेर माझ्याशेजारी गोंदियाहून पहाटेच्या गाडीने आलेले एक काका होते, छिंदवाड्याची एक बाई होती. दिवसाची मजुरी बुडवून, डबा घेऊन, टोकन घेऊन बसलेली माणसं. त्यांना आत चार मिनिटं मिळतात आणि बाहेर येताना हातात एकच वाक्य असतं, 'गोळ्या चालू ठेवा.' कशासाठी, किती दिवस, कोणता आकडा पाहायचा, काही नाही. माझ्याकडे निदान एकक वाचता येण्याइतकं शिक्षण होतं.

आता तुमचं म्हणणं. ते मला ठाऊक आहे, कारण अर्ज दिल्यावर एका वरिष्ठ डॉक्टरांनी मला दहा मिनिटं दिली आणि समजावून सांगितलं. त्याबद्दल त्यांचे आभार. ते म्हणाले, सीआरपी कशानेही वाढतं. सर्दीने वाढतं, गुडघ्याने वाढतं, वजनाने वाढतं. खरं आहे. म्हणूनच तर दोनदा मोजायचं. आणि कशानेही वाढतं याचा अर्थ ते सोडून द्यायचं, की कशाने वाढलं ते शोधायचं?

ते असंही म्हणाले की वाढलेलं दिसलं तरी त्यावर हमखास औषध कुठं आहे? इथं मी थोडं वाचून गेले होते. पुण्यातली माझी मुलगी पेपर पाठवत होती. २०१७ च्या कँटोस नावाच्या औषध-चाचणीत झटका येऊन गेलेली आणि सीआरपी २ च्या वर असलेली १०,०६१ माणसं होती. कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने कोलेस्टेरॉल जराही न उतरता पुढच्या झटक्यांचं, पक्षाघातांचं आणि हृदयमृत्यूंचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले आणि ते औषध हृदयासाठी रूढ झालं नाही. मग कोल्चिसिन, संधिवाताची जुनी गोळी. तेच द्रव्य आपल्या जंगलात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं, आणि तो कंद जीव घेतो, म्हणून हे वाचून कोणी घरगुती प्रयोग करू नका. २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत या गोळीचा फायदा दिसला. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांवरच्या क्लिअर सिनर्जी चाचणीत, झटक्यानंतर दिलेल्या त्याच गोळीने काही फरक पडला नाही. म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. गोळी कोणाला द्यायची हा वाद तुम्ही तज्ज्ञांनी घालावा, मी त्यात पडणार नाही.

पण धोका कळण्याबद्दल एवढा वाद नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात अँजिओप्लास्टी झालेल्या ७,०२६ जणांचं सीआरपी दोनदा मोजलं, तेव्हा ३८ टक्क्यांत ते दोन्ही वेळा वाढलेलं होतं, आणि मृत्यू व झटके त्यांच्यात जास्त निघाले. २०२३ मध्ये स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली, तर पुढच्या मृत्यूचा अंदाज एलडीएलपेक्षा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलपेक्षा, सीआरपीने जास्त चांगला दिला. यांचं एलडीएल तुम्ही प्रत्येक भेटीत पाहिलंत, ५८ आलं तेव्हा शाबासकीही दिलीत.

आता, काय शोधलं गेलं असतं ते. दुसऱ्या वेळी हे भरती असताना एका शिकाऊ डॉक्टर मुलीने यांना तोंड उघडायला सांगितलं. तिला जीभ पाहायची होती. टॉर्च मारला आणि ती थबकली. "काका, खर्रा?" हे गप्प. "दिवसाला किती?" मी म्हणाले, सोडला ना पहिल्या वेळीच. यांनी माझ्याकडे न पाहता दोन बोटं वर केली.

गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा मात्र चहाइतका सहज मिळतो, हे नागपूरकरांना मी सांगायला नको. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्या दाबल्या तर तीन ठिकाणांहून पू आला. कधीपासून होता कोण जाणे. हिरड्यांचा असा जुना आजार सीआरपी वाढवतो हे माहीत असलेली गोष्ट आहे. तंबाखूचं तर सांगायलाच नको. दोन दात काढले, बाकी हिरड्या साफ केल्या, खर्रा खरोखर सुटला, स्टॅटिनचा डोस दुप्पट झाला. अडीच महिन्यांनी एचएस सीआरपी २.३. यातलं किती हिरड्यांमुळे, किती खर्रा सुटल्याने, किती गोळीमुळे, मला सांगता येत नाही. हिरड्या साफ केल्याने झटके टळतात असंही अजून सिद्ध झालेलं नाही. पण संक्रांतीच्या वेळी 'हे ७ का आहे?' एवढा प्रश्न कोणी विचारला असता तर टॉर्च तेव्हाच पेटला असता. पानठेल्याची गोष्टही चार महिने आधी कळली असती, निदान मला.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, फाईलमधली प्रत्येक सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच लिहा आणि ती साधी की एचएस हे शेजारी लिहा. लॅब बदलली तर जुने आकडेही त्याच एककात आणून ठेवा. याला पैसे लागत नाहीत.

दोन, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीच्या आधी आणि नंतर महिना-दीड महिन्याने एचएस सीआरपी सुचवा. ज्याला परवडेल तो करील, ज्याला परवडणार नाही त्याच्यासाठी योजनेकडे तुम्ही पाठपुरावा करा. आमच्यापेक्षा तुमचं पत्र लवकर वाचलं जातं.

तीन, आकडा ३ च्या वर टिकून असेल तर कार्डावर तसं लिहा आणि कारण शोधा. तोंड पाहा, तंबाखू विचारा, तेही बायकोसमोर नाही, एकट्याला. साखर, वजन, जुनी जखम, लघवीचा संसर्ग. गोळी देणं न देणं तुमच्याकडे.

चार, ओपीडीबाहेर एक माणूस बसवा, नर्स असो की टेक्निशियन, जो मराठीत आणि हिंदीत रिपोर्ट वाचून सांगेल. माणूस मिळत नसेल तर आठवड्यातले दोन दिवस मी येते, मानधन नको. हे मी अर्जातही लिहिलं होतं. त्या एका ओळीच्या उत्तरात याचा उल्लेख नव्हता.

पाच, मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतच तसं आहे. मला ती १९ दिवसांनी मिळाली, आणि त्यातही संक्रांतीचा कागद नव्हता. तो हिरव्या बाणाचा कागद आमच्या घरी आहे.

यांची पुढची तारीख याच महिन्यात आहे. आम्ही येऊ, टोकन घेऊन बसू. या वेळी सगळे आकडे मी एका कागदावर एकाच एककात मांडून आणते आहे, तारीखवार. तुम्ही तो तपासा, चूक असेल तर दुरुस्त करा आणि खाली सही करा. पेन कोणत्याही रंगाचं चालेल.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
महाल, नागपूर